नक्षीची खूण कशाने करावी?

लग्नसराईतली दुपार होती. चिखलीहून एक आई सव्वादोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आमच्या अपघात विभागात धावत आली. मुलगा सारखा खोकत होता. श्वास जोरात चालला होता आणि अंगावरच्या सदऱ्याला रॉकेलचा वास येत होता. पाण्याची बाटली समजून त्याने ती तोंडाला लावली होती. शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून घरी मिठाचे पाणी पाजून उलटीही काढून झाली होती आणि खोकला वाढला होता तो त्या उलटीनंतरच.

"घरात स्टोव्ह आहे का?" मी विचारले.

"नाही मॅडम, गॅसच आहे. रॉकेल ब्लाउजवर डिझाइन छापायला ठेवलं होतं."

मुलगा चार दिवसांत बरा होऊन घरी गेला. माझ्या मनात मात्र ते उत्तर राहून गेले. रॉकेल प्यायलेली मुले आम्ही डॉक्टर झाल्यापासून पाहत आलो आहोत. पूर्वी कारण ठरलेले असायचे: स्टोव्ह, कंदील, चिमणी. घरोघरी गॅस आला तशी ही मुले कमी झाली. आता रॉकेल घरात येण्याचे एक नवे कारण कळले, आणि ते आमच्या प्रश्नांच्या यादीत नव्हते. पुन्हा तपासणीला येताना मी त्या बाईंना त्यांचे छपाईचे सामान दाखवायला आणायला सांगितले. पुढचा लेख त्या पिशवीतून निघाला आहे.

मार्किंगचे गाव

पिंपरी-चिंचवड हे तसे मार्किंगचे गाव आहे. भोसरी, तळवडे, चाकणच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये जा. आधी मार्किंग, मग कटिंग. जॉबवर निळा रंग फासायचा, स्क्रायबरने रेघ ओढायची, पंचाने ठिपका मारायचा आणि मगच मशिनला हात लावायचा. आम्हा डॉक्टरांचेही तेच. शस्त्रक्रियेआधी कोणता पाय, कोणती बाजू याची खूण कातडीवर पेनाने करतात. चुकीच्या बाजूला चीर पडू नये म्हणून जागेची खात्री करून घेणे हा जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीचा भाग आहे.

याच शहरात नवरा कंपनीत आणि बायको घरी बसून ब्लाउजवर आरी वर्क करते, अशी घरे पुष्कळ आहेत. शिवण क्लास झाले, मोबाइलवर नवनवी डिझाइने मिळू लागली आणि लग्नाच्या ब्लाउजला चांगले पैसे मिळतात. त्या कामाची पहिली पायरीही मार्किंगच. कागदावरचा मोर, कोयरी किंवा वेलबुट्टी कापडावर उतरवायची. वर्कशॉपमधला रंग काय आहे हे डब्यावर लिहिलेले असते. घरातल्या छपाईत बाटलीवर लेबल नसते, पुडीवर नाव नसते आणि काम स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी चालते.

खूण करण्याचे साधन निवडताना बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारतात, "हे नंतर जातं का?" प्रश्न बरोबर आहे. पण तो अर्धा आहे. मी त्याला दुसरा जोडीन: हे माझ्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगात कोणत्या वाटेने जाऊ शकते? नाकाने, तोंडाने की कातडीतून? हे दोन्ही प्रश्न विचारले की साधन निवडणे सोपे होते.

खाका, नीळ आणि रॉकेल

त्या बाईंच्या पिशवीत एक बटर पेपर होता. त्यावर काढलेल्या नक्षीच्या रेषेवर सुईने जवळजवळ भोके पाडलेली होती. याला खाका म्हणतात. कापडावर खाका ठेवायचा, कापसाचा किंवा चिंधीचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून त्यावर पूड घ्यायची आणि कागदावरून फिरवायचा. फिक्या कापडासाठी नीळ आणि गडद कापडासाठी पांढरी पूड. भोकांतून रंग खाली उतरतो आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. एक खाका नीट जपला तर कितीतरी ब्लाउजना पुरतो.

रॉकेलच का? त्याला कारण आहे. पाण्याने कागद फुगतो, सुरकुततो आणि रंग पसरतो. रॉकेल कागदाला तसे फुगवत नाही, पूड बारीक भोकांतून खाली नेते आणि नंतर उडून जाते. मागे फक्त पूड राहते. ज्या कोणी ही युक्ती शोधली, त्याला कापड आणि कागद दोन्ही नीट कळत होते.

पण रॉकेलच्या ज्या गुणामुळे ते बारीक भोकातून सहज उतरते, तोच गुण शरीरात घातक ठरतो. रॉकेल अतिशय पातळ आहे. घोट घेताना ठसका लागला की त्याचे थोडे थेंबही श्वासनलिकेतून खाली पसरतात आणि फुप्फुसातल्या वायुकोशांचे पातळ अस्तर बिघडवतात. तिथे सूज येते. याला आम्ही रासायनिक न्यूमोनिया म्हणतो. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेले रॉकेल कितीतरी जास्त नुकसान करते. म्हणून उलटी काढणे हा सर्वांत चुकीचा उपाय. वर येताना तेच रॉकेल दुसऱ्यांदा श्वासनलिकेजवळून जाते आणि पहिल्या वेळी चुकलेले फुप्फुस दुसऱ्या वेळी सापडते. मिठाचे पाणी, बोटे घालणे, उलटे धरणे यांतले काहीही करू नका. दूध किंवा तूप पाजल्याने रॉकेल "मरत" नाही; पोट भरल्याने उलटी होण्याची शक्यता मात्र वाढते.

करायचे ते एवढे: मुलाला बसते ठेवा, रॉकेल सांडलेले कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात आणा, आणि ती बाटली सोबत घ्या. मूल हसत-खेळत असले तरी आणा. काही मुलांचा खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होते, म्हणून आम्ही निदान सहा ते आठ तास लक्ष ठेवतो. छातीचा पहिला फोटो चांगला आला म्हणून घाईने घरी नेऊ नका.

मोठ्यांनाही रॉकेल सोडत नाही. रोज बोळा फिरवणाऱ्या बोटांवरचे नैसर्गिक तेल निघून जाते. कातडी कोरडी पडते, भेगा जातात आणि त्या भेगांत सुई, मणी, धागा रुतत राहतो. अशा बोटांवर अनेकजणी महिनोन्महिने नायट्याचे मलम चोळत असतात. तो नायटा नसतो, रॉकेलने झालेला त्वचादाह असतो. हात साबणाने धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावणे आणि रॉकेलचा संबंध तोडणे, यानेच तो आटोक्यात येतो.

आता रेशनवरचे रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही, म्हणून काहीजणी त्याजागी गाडीतले पेट्रोल किंवा रंगाचे थिनर वापरतात. रॉकेलची वाफ पेट घेण्यासाठी साधारण ३८ अंश किंवा त्याहून जास्त तापमान लागते; पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही खोलीत ती पेटायला तयारच असते. देवघरातली समई, गॅसची शेगडी किंवा इस्त्रीची ठिणगी पुरेशी आहे. थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावके असतात. बंद खोलीत त्यांच्या वासाने डोके दुखते, गरगरते, मळमळते. रॉकेलला पर्याय म्हणून पेट्रोल किंवा थिनर घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे.

पुडीत काय आहे?

रॉकेलमध्ये कालवायच्या पुडीचीही चौकशी करायला हवी. कपड्यांना घालायची पारंपरिक नीळ म्हणजे अल्ट्रामरीन हे खनिज रंगद्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही, कातडीतून आत जात नाही आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. पांढरी पूड जस्ताची, म्हणजे झिंक ऑक्साइड असेल तरी काळजीचे कारण नाही. घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइन लोशनमध्ये तीच असते.

अडचण 'सफेदा' या नावात आहे. जुन्या रंगकामात शिशाच्या पांढऱ्या रंगालाही सफेदाच म्हणत. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ती दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे. पण तो नियम डब्यातल्या रंगाचा; सुट्या पुडीत काय बांधून दिले हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुटा सफेदा घेऊ नका. ज्या पाकिटावर झिंक ऑक्साइड असे स्पष्ट लिहिले आहे तेच घ्या. पूड कोणतीही असो, ती फुंकून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

आणि खाका आवडत असेल तर तो सोडायची गरज नाही, रॉकेल सोडा. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी आपल्या आज्या उदबत्तीने भोके पाडलेला कागद वापरायच्या. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके तयार. खाक्याचेही तसेच करता येते. नीळ किंवा खडूची पूड सुती कापडात बांधून पुरचुंडी करायची आणि ती खाक्यावर हलक्या हाताने टेकवत जायची. कोरडे ठिपके उमटतात. ते झटकले की जातात, म्हणून खाका उचलल्याबरोबर ठिपके जोडून धुऊन जाणाऱ्या पेनाने किंवा खडू-पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची. पाच-दहा मिनिटे जास्त लागतात. पण घरात बाटली राहत नाही.

बाळांचे ओठ निळे का झाले?

कापडावरची खूण बाळाच्या जिवावर बेतू शकते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वी कळले आहे. १८८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रेनर नावाच्या डॉक्टरांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. नवजात बाळे अचानक निळसर पडत होती. ना हृदयाचा आजार, ना न्यूमोनिया. शोध घेता घेता बोट गेले ते दुपट्यांवर. कपडे हरवू नयेत म्हणून लंगोटांवर शाईचा शिक्का मारला जात होता आणि त्या शाईत अ‍ॅनिलीन होते. शिक्का बाळाच्या उबदार, ओल्या कातडीला लागून राहायचा आणि अ‍ॅनिलीन कातडीतून आत शिरायचे.

आत गेल्यावर ते काय करते? आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते ते त्यातल्या लोहामुळे. अ‍ॅनिलीनमुळे या लोहाचे रूप बदलते आणि ते प्राणवायू धरू शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागते, ओठ आणि नखे निळी-करडी पडतात. बिघडलेले हिमोग्लोबिन पूर्ववत करणारे एक विकर आपल्या रक्तात असते. नवजात बाळात ते कमी असते, म्हणून बाळांना धोका जास्त. गंमत अशी की याच आजारावरचे आजचे औषध मिथिलीन ब्लू हाही मुळात एक रंगच आहे, १८७६ मध्ये तयार केलेला.

अशा शाईच्या घटना पुढे विसाव्या शतकातही घडत राहिल्या. त्यांतून निघालेला उपाय साधा होता: खूण केलेले कापड धुतल्याशिवाय बाळाला घालायचे नाही.

आपल्याकडे बाळंतविड्याची कुंची, झबले, दुपटे यांवर हौसेने भरतकाम करतात. तिथे हा नियम पाळलाच पाहिजे. बाळाच्या कपड्यावर ऑफिसचे मार्कर, स्टॅम्प पॅडची शाई किंवा नवऱ्याने कंपनीतून आणलेला पेंट मार्कर वापरू नका. लोखंडावर लिहायच्या अनेक पेंट मार्करमध्ये झायलीनसारखे द्रावक असते आणि ती खूण न जाण्यासाठीच बनवलेली असते. खूण कोणतीही असो, भरून झाल्यावर कपडा दोनदा धुवा, उन्हात वाळवा आणि मगच बाळाला घाला.

जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचीही एक आठवण सांगते. माझ्या लहानपणी ती पोस्टात आणि दुकानात असायची. टोक जिभेला लावले की रेघ गडद जांभळी उमटायची आणि लिहिणाऱ्याची जीभही. ओल्या कापडावर ती छान उठते म्हणून शिवणकामातही कोणी कोणी वापरायचे. तिच्यात मिथाइल व्हायोलेट हा रंग असतो. तिचा तुकडा डोळ्यात किंवा कातडीत रुतला तर आजूबाजूची पेशीजाले जळतात. जुन्या डब्यात अशी पेन्सिल सापडली तर आठवण म्हणून ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका. आणि कोणत्याही खुणेच्या साधनाचे टोक जिभेला लावू नका.

दुकानातली साधने

पिंपरी कॅम्पातल्या बाजारात किंवा पुण्याच्या तुळशीबागेत गेलात तर मार्किंगची बरीच साधने दिसतील. दोन्ही प्रश्न लावून ती पाहू.

शिंप्याचा खडू सर्वांत जुना आणि बहुतेक कापडांना चालणारा. तो झटकून किंवा ब्रशने जातो. काही खडू शंखजिऱ्याचे, म्हणजे टाल्कचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. हे वाचून खडू फेकून देऊ नका. जास्तीत जास्त संपर्क येतो तो टाल्क खाणीतून काढणाऱ्या, दळणाऱ्या आणि त्यापासून वस्तू बनवणाऱ्या कामगारांचा. घरातल्या दोन रेघांची तुलना त्याच्याशी होत नाही. पण दिवसभर खडू घासून टोक करणाऱ्या शिंप्याने ती धूळ हवेत न उडवता ओल्या फडक्यावर घ्यावी, हे बरे. मेणाचा खडू मात्र इस्त्रीने कापडात मुरतो आणि तेलकट डाग राहतो.

शिसपेन्सिलीबद्दल मला अनेक आया विचारतात, "मुलाने टोक चावले, शिसे पोटात गेले का?" गेले नाही. आपल्या भाषेने तिला शिसपेन्सिल म्हटले, पण तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट, म्हणजे कर्ब आणि चिकणमाती असते. हा गैरसमज युरोपातही होता. तिथे ग्राफाइटला शिशाचाच प्रकार समजत. १७७९ मध्ये शील या रसायनशास्त्रज्ञाने तो कर्ब असल्याचे दाखवले. म्हणजे दुसऱ्या प्रश्नात शिसपेन्सिल उत्तीर्ण आहे. पहिल्या प्रश्नात ती कमी पडते. कर्ब पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे धाग्यांत अडकलेली काळी रेघ धुऊनही राहते आणि फिका रेशमी धागा मळकट दिसतो. टाके पूर्ण झाकणार असतील तिथेच ती वापरावी, आणि तीही हलक्या हाताने.

कार्बन पेपर घ्यायचाच तर शिवणकामाचा, धुऊन जाणारा घ्या. ऑफिसचा काळा-निळा कार्बन कापडावर डाग पाडतो आणि तो सहसा निघत नाही.

पाण्याने जाणारे निळे पेन सुती कापडासाठी माझ्या मते सर्वांत सोयीचे. धोका कमी, रेघ ठळक. त्याचे दोन नियम आहेत. खूण जाण्याआधी इस्त्री करायची नाही, कारण उष्णतेने रंग पक्का बसू शकतो. आणि आधी नुसत्या थंड पाण्याने भिजवून धुवायचे, साबण नंतर. शुद्ध रेशमावर पाण्याचाच डाग पडतो, म्हणून पैठणीच्या किंवा रॉ सिल्कच्या ब्लाउजला खडू-पेन्सिल बरी.

हवेने जाणारे जांभळे पेन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना खेळ आहे. अशा काही शायांत आम्ल-अल्कली ओळखणारा रंग असतो. अल्कलीत तो दिसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला की अल्कली कमी होऊन तो दिसेनासा होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे लवकर घडते. अर्धा मोर भरून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत पिसारा गायब! लहान कामाला हे पेन ठीक आहे. खूण दिसेनाशी झाली तरी रसायन कापडातच असते, म्हणून शेवटी धुणे आलेच.

उष्णतेने जाणाऱ्या पेनचेही तसेच. त्याची शाई साधारण ६० अंशांवर रंगहीन होते, म्हणून इस्त्री फिरवली की रेघ गेली असे वाटते. ती गेलेली नसते. तापमान शून्याखाली दहा ते वीस अंशांपर्यंत उतरले की तीच रेघ परत दिसू शकते. घरातल्या फ्रीजरमध्ये कापडाचा तुकडा ठेवून ही करामत पाहता येईल. परदेशातल्या भाचीच्या लग्नाचा ब्लाउज कॅनडाच्या हिवाळ्यात पोचणार असेल तर हे पेन नको. ज्यांना धुता येणार नाही अशा जड मण्यांच्या कामालाही नको.

न दिसणारी खूण आणि दुखणारी मान

एक मुद्दा साधनांच्या चर्चेत कधीच येत नाही. चाळिशीच्या आसपास जवळचे दिसणे कमी होऊ लागते. खूण फिकी असेल, गडद कापडावर गडद रेघ असेल, तर बाई नकळत पुढे वाकते. तासन्‌तास वाकून मान, खांदे आणि पाठ धरते. माझ्याकडे मानदुखी घेऊन येणाऱ्या भरतकामवाल्यांना मी आधी चष्म्याचा नंबर आणि मग खुणेचा रंग विचारते. काळ्या, मरून, बाटली-हिरव्या कापडावर पांढरी किंवा पिवळी रेघ, फिक्यावर निळी. दिव्याचा उजेड बाजूने, हाताची सावली कामावर पडणार नाही असा. दर अर्ध्या तासाने मान वर करून खिडकीबाहेर लांबवर पाहायचे. एवढ्याने पुष्कळ गोळ्या वाचतात.

आणि खूणच नको असलेली कामेही आपल्याकडे आहेत. धारवाड-बेळगाव भागातला कशिदा इरकल साडीवर पिढ्यान्‌पिढ्या भरला जातो तो कापडाचे उभे-आडवे धागे मोजून. छापील नक्षी नसतेच. गोधडी शिवणाऱ्या बाईला रेघ लागत नाही. आधीच्या टाक्यांची ओळ हीच तिची पट्टी. या कलांत हिशोब डोळ्यांत आणि बोटांत असतो. मात्र त्याला उजेड आणि चांगला चष्मा आणखी जास्त लागतो.

निवड करताना

नवे साधन आणले की आधी त्याच कापडाच्या चिंधीवर रेघ मारा. एक दिवस तशीच ठेवा, मग पुसून, धुऊन आणि शेवटी इस्त्री करून पाहा. हजारोंचा ब्लाउज त्यानंतर हातात घ्या.

लेबल नसलेली पूड, शाई किंवा द्रावण घेऊ नका. ज्यावर काय आहे ते लिहिलेले नाही, त्याचा त्रास झाला तर आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो.

रॉकेल टाळणे शक्यच नसेल तर ते मूळच्याच डब्यात, नाव लिहून, उंचावर कुलपात ठेवा. पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत कधीही नाही. पाण्याच्या बाटलीत पाणीच असते, एवढेच लहान मुलाला ठाऊक असते. काम खिडकी उघडून, चूल-दिव्यापासून दूर, नायट्रिल हातमोजे घालून करा. वापरलेला बोळा घरातल्या कचऱ्यात टाकू नका. बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या. छापलेले कापड वाळल्याशिवाय इस्त्रीजवळ नेऊ नका.

चिखलीच्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या, स्वतःच्या बोटांच्या भेगा दाखवायला. भेगा भरत आल्या होत्या. खाका त्यांनी ठेवला आहे, पण आता निळेची पुरचुंडी वापरतात आणि वर पेनाने रेघ मारतात. "वेळ जातो थोडा," म्हणाल्या. मुलगा शेजारी उभा राहून माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. त्याने हात पुढे केला, तशी त्यांनी पटकन बाटली उचलली, झाकण उघडून आधी वास घेतला आणि मग त्याला दिली.